दूषित नद्या व जलाशय यांचे पुनरुज्जीवन

जिल्ह्याचा नकाशा शिकविताना लाखनी तालुक्यातील शिक्षक मुलांस चुलबंद नदी दाखवितात, तिच्यावरून बोट फिरवीत वैनगंगेपर्यंत जातात आणि तेथून गोदावरीची वाट सांगतात. बोट नेहमी उताराच्या दिशेने जाते, व ते योग्यच आहे. परंतु एखाद्या दिवशी तेच बोट उलट दिशेस फिरवून पाहावे. वैनगंगेवरून वर पवनीच्या बाजूस यावे, गोसेखुर्दच्या विस्तीर्ण जलाशयातून आंभोऱ्याच्या संगमावर पोहोचावे, तेथे वैनगंगा सोडून कन्हानचा हात धरावा, आणि कन्हानवरून नागनदीत शिरून थेट नागपूर शहर गाठावे. एका शहराच्या गटारांचा व कारखान्यांचा आपल्या जिल्ह्यातील पाण्याशी काय संबंध आहे, हे इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्याही रीतीने दाखविता येणार नाही.

चुलबंद ही धरणाच्या खालच्या अंगास वैनगंगेस मिळते. त्यामुळे लाखनीच्या नदीत नागनदीचे पाणी येत नाही, हे प्रथमच स्पष्ट करणे बरे. तथापि पवनी व लाखांदूरकडील शेतांस आणि चंद्रपूर जिल्ह्यास कालव्यांनी मिळणारे पाणी याच जलाशयातील आहे. त्यात मासेमारी करणारी ढिवर कुटुंबे आपल्याच जिल्ह्यातील आहेत. आणि धरण भरले म्हणजे पाण्याचा फुगवटा भंडारा शहरापर्यंत येतो. पिण्याचे पाणी दूषित झाल्याची भंडारेकरांची तक्रार अनेक वर्षांची आहे. शिवाय पाणी कसे बिघडते व कसे सुधारते याचे नियम मोठ्या जलाशयास जे लागू आहेत, तेच लाखनीतील एखाद्या गावतलावासही लागू आहेत.

नागनदी नागपूरच्या पश्चिमेस लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांत उगम पावते. अंबाझरी तलावातून निघून ती शहराच्या मध्यातून वाहते, पूर्वेस पिवळी नदीस सोबत घेते आणि पुढे कन्हानला मिळते. ज्या नदीवरून शहरास नाव मिळाले, ती नदी शहराचे मोठे गटार होऊन बसली. हिंगणा औद्योगिक वसाहतीच्या बाजूचे नाले अंबाझरीत उतरत आले आहेत; परंतु नागनदीतील घाणीचा फार मोठा भाग घरोघरच्या मैला-सांडपाण्याचा आहे. सर्व दोष कारखान्यांच्या माथी मारून मोकळे होणे सोपे असते, पण ते खरे होणार नाही व मुलांस तसे शिकवूही नये.

पाणी बिघडते म्हणजे नेमके काय होते? पाण्यातील प्राणी पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतात, आणि हा साठा फार तुटपुंजा असतो. तीस अंश सेल्सिअस उष्णतेच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात सुमारे साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. दहा लिटरच्या घागरीत तो पाऊण दशांश ग्रॅम, म्हणजे चिमूटभर मिठाहूनही कमी भरेल. एवढ्याशा शिदोरीवर मासे, किडे, शंख-शिंपले आणि असंख्य सूक्ष्मजीव यांचा संसार चालतो. लिटरमागे चार-पाच मिलिग्रॅमच्या खाली प्रमाण गेले की बहुतेक मासे अडचणीत येतात. आता या पाण्यात मैला, कांजी, मळी किंवा कुजणारा कोणताही पदार्थ पडला, तर सूक्ष्मजीव तो खाऊ लागतात आणि खाताना पाण्यातील प्राणवायू खर्च करतात. एक लिटर पाण्यातील घाण पचविण्यास जितका प्राणवायू लागतो, त्यास जैविक प्राणवायूची मागणी असे म्हणतात. शहराच्या कच्च्या सांडपाण्याची ही मागणी लिटरमागे सुमारे दोनशे ते तीनशे मिलिग्रॅम असते. याचा हिशेब मुलांकडून फळ्यावर करवून घ्यावा: एक लिटर सांडपाणी तीस-पस्तीस लिटर स्वच्छ पाण्यातील सगळा प्राणवायू खाऊन टाकण्यास समर्थ आहे. शुद्ध करून नदीत सोडावयाच्या सांडपाण्यासाठी ३० मिलिग्रॅमची सर्वसाधारण मर्यादा आहे. स्नानास योग्य अशा पाण्यात ती ३ मिलिग्रॅमहून अधिक असू नये.

ही गोष्ट वर्गात प्रत्यक्ष दाखविता येते. झाकणाच्या तीन सारख्या काचेच्या बाटल्या घ्याव्यात. तिन्हींत विहिरीचे किंवा तलावाचे पाणी भरावे. दुसऱ्या बाटलीत भाताची पेज चमचाभर व तिसरीत चार चमचे मिसळावी. प्रत्येकीत मिथिलिन ब्लू या निळ्या रंगाचे दोन-तीन थेंब टाकून पाणी फिकट निळे करावे. हा रंग शाळेच्या विज्ञानपेटीत असतो, नसल्यास शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात मिळतो. मग बाटल्या काठोकाठ भरून, आत हवेचा बुडबुडा न ठेवता, झाकणे घट्ट लावावीत व सावलीत ठेवून द्याव्यात. पाण्यात प्राणवायू आहे तोवर निळा रंग टिकतो. तो संपला की रंग उडतो. तिसरी बाटली आधी पांढरट होते, दुसरी तिच्यामागून, आणि पहिलीचा रंग पुष्कळ दिवस टिकतो. किती दिवस लागतील हे उष्णतेवर व पाण्यावर अवलंबून आहे, म्हणून मुलांनी रोज प्रार्थनेनंतर पाहून वहीत नोंद करावी. शेवटी रंग उडालेल्या बाटलीतील थोडे पाणी ओतून टाकावे, झाकण लावून ती जोराने हलवावी. हवा मिसळताच निळा रंग परत येतो, आणि हे पाहताना वर्गात जो गलबला होतो तो शिक्षकाने खुशाल होऊ द्यावा. मात्र बाटली तशीच ठेवली तर रंग पुन्हा उडतो, कारण पेज अजून शिल्लक असते. पुनरुज्जीवनाचा पहिला धडा या बाटलीतच आहे. वरून हवा घातल्याने पाणी सुधारल्यासारखे दिसते, पण घाण येतच राहिली, किंवा आत उरली, तर ती सुधारणा टिकत नाही.

पेजेचेच उदाहरण घेण्यास कारण आहे. हा जिल्हा भाताचा आहे. उकडा तांदूळ करताना धान भिजविलेले पाणी पिवळसर, आंबूस वासाचे आणि कुजणाऱ्या द्रव्यांनी भरलेले असते. ते विष नव्हे. परंतु उन्हाळ्यात आटलेल्या नाल्यात ते तसेच सोडले, तर त्या नाल्याची स्थिती तिसऱ्या बाटलीसारखी होते. उद्योग लहान असला तरी नाला त्याहून लहान असू शकतो.

वाहत्या नदीस एक मोठी सोय असते. खडकांवरून, वाळूवरून आपटत जाताना ती सतत हवा घेते. बाटली हलविण्याचे काम तिचा उतारच करतो. म्हणून घाण थांबली की नदी तुलनेने लवकर सावरते. लंडनच्या थेम्स नदीची कथा प्रसिद्ध आहे. १८५८ च्या उन्हाळ्यात तिच्या दुर्गंधीने पार्लमेंटचे कामकाज अवघड करून सोडले होते. १९५७ साली तेथील निसर्ग-इतिहास संग्रहालयाच्या शास्त्रज्ञांनी शहरातील तिच्या भागास मृतवत ठरविले. त्यानंतर सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे वाढविण्यात आली, आणि १९७४ साली त्या नदीत सामन हा स्वच्छ पाण्याचा चोखंदळ मासा पुन्हा सापडला. नदीत मासे सोडण्याची घाई प्रथम कोणी केली नव्हती. पाणी सुधारले, तेव्हा मासे आले.

जलाशयाचे तसे नाही, आणि शिक्षकांनी विशेष ध्यानात घेण्याचा भाग हाच आहे. गोसेखुर्द धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते बसविण्यात आली. ३३ दरवाजांच्या या धरणाची साठवणक्षमता सुमारे १,१४६ दशलक्ष घनमीटर आहे आणि अडीच लाख हेक्टरांहून अधिक जमीन भिजविण्याची त्याची योजना आहे. जेथे पूर्वी वैनगंगा वाहत होती, तेथे आता पाणी थांबले आहे. वाहत्या पाण्याने आणलेले सर्व काही थांबलेल्या पाण्यात खाली बसते. उन्हाळ्यात वरचे पाणी तापून हलके होते व खालच्या थंड पाण्यावर तरंगत राहते; त्यामुळे तळाशी हवा पोहोचत नाही. तेथील प्राणवायू संपला की सडक्या अंड्यासारख्या वासाचा वायू निर्माण होतो. त्याचबरोबर गाळातील लोहाशी बांधला गेलेला फॉस्फरस सुटा होऊन पुन्हा पाण्यात येतो. हा फॉस्फरस म्हणजे शेवाळाचे व जलपर्णीचे खत. वरून घाण आली नाही तरी जुना गाळच पाण्यास खत घालीत राहतो. नदी झालेले विसरते, जलाशय ते गाळात जपून ठेवतो, असे म्हटले तरी चालेल.

या बाबतीत परदेशांतील दोन सरोवरांचे अनुभव जोडीने पाहण्यासारखे आहेत. अमेरिकेतील सिॲटल शहराजवळच्या वॉशिंग्टन सरोवरात आसपासच्या वस्त्यांचे शुद्ध केलेले सांडपाणी येत असे. ते १९६३ ते १९६८ या काळात टप्प्याटप्प्याने दुसरीकडे वळविण्यात आले, आणि सरोवर थोड्याच वर्षांत निवळले. ते खोल होते व फार काळ बिघडलेले नव्हते. स्वीडनमधील वेक्श्यो गावाजवळचे ट्रुमेन सरोवर मात्र उथळ. त्यात गावाचे सांडपाणी व तागासारख्या जवसधाग्याच्या कारखान्याचे पाणी जात असे. १९५८ च्या सुमारास ते बंद झाले, लोक वाट पाहत राहिले, आणि सरोवर दहा वर्षांनीही तसेच हिरवे व दुर्गंधीयुक्तच राहिले. अखेर १९७० व १९७१ साली तळावरचा काळा गाळ थर काढून बाहेर नेला, तेव्हा ते सुधारले. घाण बंद करणे दोन्हीकडे आवश्यक होते. एके ठिकाणी ते पुरेसे झाले, दुसरीकडे झाले नाही.

मग गोसेखुर्दचा गाळ काढावा काय? येथे सावधगिरी हवी. आपल्या गावतलावांचा गाळ शेतात टाकण्याची रीत जुनी आहे, आणि राज्य शासनाने २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजनाही सुरू केली. मातीतून वाहून आलेला असा गाळ शेतास लाभदायक असतो. परंतु ज्या पाण्यात कारखान्यांचे सांडपाणी आले, त्याच्या गाळात शिसे, क्रोमियम, कॅडमियम यांसारखे धातू असू शकतात. कुजणारी घाण सूक्ष्मजीव खाऊन संपवितात. धातू कोणीच खाऊन संपवू शकत नाही. तो गाळातून पिकात, पिकातून माणसात येऊ शकतो. अशा गाळाची प्रयोगशाळेत तपासणी झाल्याविना तो उचलू नये आणि शेतात तर टाकूच नये. कित्येक वेळा तो ढवळण्यापेक्षा स्वच्छ मातीच्या थराखाली पडू देणे अधिक शहाणपणाचे ठरते.

आणखी एका प्रकारची हानी अशी, की तीत वासही नसतो. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळा येथील औष्णिक विद्युत केंद्राच्या राखेचा बांध फुटला आणि राख कोलार व कन्हान नद्यांत पसरली. कोळशाची राख कुजत नाही. ती वाळूच्या फटी बुजविते, आणि त्या फटींतच माशांची अंडी व किड्यांच्या अळ्या राहतात. घर बुजले म्हणजे बाहेरील हवापाणी कितीही चांगले असून काय उपयोग? अशा नदीस एक-दोन मोठे पूर तळ धुवून देतात, पण धुतलेले सर्व खालच्या जलाशयात जाऊन बसते.

नागपूरकडे काय झाले व काय व्हावयाचे आहे, तेही सांगितले पाहिजे. महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा १९६९ साली केला, १९७० साली प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले, आणि १९७४ साली देशाचा कायदा आला. पाण्याच्या प्रश्नांचा अभ्यास करणारी देशातील प्रमुख संस्था, जिला आज नीरी म्हणतात, ती १९५८ पासून नागपुरातच आहे. म्हणजे कायदा होता, शास्त्रही शेजारी होते. नदी मात्र मळतच राहिली. भांडेवाडी येथे सांडपाणी शुद्ध करण्याची मोठी केंद्रे उभारून ते पाणी कोराडी व खापरखेडा येथील वीजकेंद्रांस देण्याची व्यवस्था झाली. ही युक्ती दुहेरी लाभाची आहे, कारण तेवढे सांडपाणी नदीत जात नाही आणि तेवढे स्वच्छ पाणी नदीतून उपसावेही लागत नाही. राहिलेल्या सांडपाण्यासाठी राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेखाली नागनदीकरिता सुमारे दोन हजार कोटी रुपयांच्या प्रकल्पास २०२१-२२ च्या सुमारास मान्यता मिळाली. लहान नाल्यांसाठी नीरीने खडीच्या वाफ्यांत पाणवनस्पती लावून त्यांतून सांडपाणी गाळण्याची फायटोरिड नावाची पद्धती तयार केली आहे. तिला वीज फार लागत नाही, जागा मात्र लागते.

जलाशयात हिरवा गालिचा पसरतो ती जलपर्णी, जिला आपल्याकडे पुष्कळजण इकॉर्निया म्हणतात, ती रोग नसून रोगाचे लक्षण आहे. तरी ती काढणे निरर्थक नाही. तिच्या अंगात पाण्यातले खत साठलेले असते. ती काढून दूर नेली तर तेवढे खत पाण्यातून कमी होते. काढून काठावर ढीग घातला, तर पहिल्या पावसात सर्व परत जाते. औषध फवारून मारली, तर ती बुडून कुजते व उरलासुरला प्राणवायू खाते. काम झाल्याचा देखावा या दोन्ही रीतींत होतो.

पाण्यात मत्स्यबीज सोडल्याने जलाशय जिवंत झाला, असाही समज आहे. मरळ व मागूर हे मासे वर येऊन हवेतला श्वास घेऊ शकतात. ते घाण पाण्यातही तग धरतात. म्हणून बाजारात जिवंत मरळ आली यावरून पाणी चांगले असल्याचे अनुमान काढू नये. काठच्या गवतात राहणारी बारीक मासळी, चतुरांच्या पाण्यातील अळ्या, शिंपले, तळाशी मुळे धरून वाढणाऱ्या वनस्पती, ही खरी साक्ष होय.

ही साक्ष जाणणारे लोक आपल्याच भागात आहेत. भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव कोहळी समाजाने बांधले आणि त्यांत ढिवरांनी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी केली. १९५१ साली मालगुजारी संपून तलाव सरकारकडे गेले. पुढे देखभाल सुटली, गाळ साचला, बेशरमीच्या झुडपांनी कडा व्यापल्या आणि जुनी मासळी दिसेनाशी झाली. या तलावांचे दुखणे कारखान्याचे नव्हते, परंतु जीवसृष्टी मोडली होती ती तशीच. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव भागात ढिवर स्त्री-पुरुषांनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साहाय्याने काही तलावांत काम हाती घेतले. उन्हाळ्यात पाणी आटल्यावर बेशरम मुळासकट उपटली, उघड्या पडलेल्या तळाची नांगरट केली, आणि दुसऱ्या चांगल्या तलावांतून देशी पाणवनस्पती आणून लावल्या. कोणती वनस्पती कोणत्या माशाचे अन्न, कोणत्या पानाखाली कोण अंडी घालतो, हे त्यांस वृद्ध मच्छीमारांकडून ठाऊक होते. वनस्पती धरल्या, त्यांच्यामागून किडे व मासे आले, आणि त्यांच्यामागून पक्षी. येथेही क्रम तोच: आधी नको ते काढणे, मग तळ, मग वनस्पती, आणि मासे शेवटी.

लाखनीच्या शाळांस यात करता येण्याजोगे एक काम आहे. इटालियन शास्त्रज्ञ सेकी याने १८६५ साली पाण्याची पारदर्शकता मोजण्यासाठी पांढरी तबकडी वापरली. शाळेत त्याऐवजी एनॅमलची पांढरी ताटली चालेल. तिला मध्ये भोक पाडून दोरी ओवावी, खाली दगड बांधावा, आणि दोरीस दर दहा सेंटिमीटरवर गाठ मारावी. गावतलावात ढिवराच्या डोंग्यातून शिक्षकाने ती हळूहळू सोडावी व दिसेनाशी होईल ती गाठ मोजावी. मुलांनी पाळीवरच थांबावे. गटाराचे पाणी मिळते अशा जागी तर कोणीच उतरू नये. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी व दुपारच्या एकाच वेळी हे माप घ्यावे. सोबत पाण्याचा रंग, वास, जलपर्णी किंवा बेशरम किती पसरली, ढिवरांस त्या महिन्यात कोणते मासे मिळाले, हे त्यांनाच विचारून लिहावे. तो डोंगेवाला विद्यार्थ्यांपैकी कोणाचा आजोबा असेल, तर त्यासच एक दिवस वर्गात बोलवावे.

पावसाळ्यात पाणी गढूळ असते, त्यामुळे जुलैचे माप डिसेंबरच्या मापाशी ताडून पाहू नये. डिसेंबरचे माप पुढच्या डिसेंबरशी ताडावे. एका वर्षात काही समजणार नाही. चार-पाच वर्षांची नोंद झाली म्हणजे तलाव बिघडत आहे की सुधारत आहे हे ग्रामसभेपुढे आकड्यांनिशी ठेवता येईल. यासाठी नोंदवही शिक्षकाची खासगी न ठेवता शाळेच्या दप्तरात ठेवावी आणि बदलीच्या वेळी प्रभार देताना, हजेरीपट व साहित्याच्या यादीबरोबर, तिचीही पोच घ्यावी. दोरी आणि ताटलीही त्याच यादीत लिहावी.